बाबांच्या खोलीतलं शून्य

प्रयोगशाळेत त्याला सगळे हवामास्तर म्हणत. शिकलेला इंजिनिअर, पण पुलांच्या नि कारखान्यांच्या वाटेला कधी गेला नाही. लोकांच्या घरातली हवा मोजण्यात त्याची वीस वर्षं सरली. कुठल्या स्वयंपाकघरात धूर कोंडतो, कुठल्या वर्गात पोरं का पेंगतात, हे तो डबीएवढ्या यंत्रावरून सांगे.

यंत्रं घरोघरी मांडण्याआधी एका स्वच्छ खोलीत ठेवायची, तिथला आकडा शून्य धरायचा आणि तेवढा सगळ्या घरांच्या आकड्यांतून वजा करायचा, अशी त्याची पद्धत. ती खोली त्यानं वडिलांची निवडली. घराच्या मागच्या अंगाला, रस्त्यापासून दूर, धूर नाही की धूळ नाही.

म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक! सगळ्यांची हवा माझ्या खोलीवरून जोखतात, असं भेटेल त्याला सांगायचा. मामंजी आता सरकारी वजन झाले, म्हणून सून चिडवायची. यंत्रं नसली तरी तो खिडकी लावूनच बसे.

"तुझं माप बिघडायला नको," म्हणायचा.

मास्तर हसायचा. खिडकी उघडा, असं म्हणायचं त्याच्या जिभेवर कधी आलं नाही.

खोली शून्य धरल्याच्या चौथ्या वर्षी बाबांना खोकला लागला. वयाचा असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. त्याच सुमारास दुसऱ्या प्रयोगशाळेनं स्वतःकडे शून्य लावलेलं एक यंत्र पारखायला धाडलं. सवयीनं मास्तरनं ते बाबांच्या टेबलावर ठेवलं. आकडा चढतच गेला. त्यानं दोनदा पाहिलं, चिठ्ठीवर 'यंत्र सदोष' असं लिहिलं आणि परत पाठवून दिलं.

पुढच्या वर्षी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं. घरात कुठं ओल आहे का, एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मास्तरनं घरी येऊन बाबांचं कपाट ओढलं. मागची भिंत खांद्यापर्यंत बुरशीनं काळी पडली होती.

नव्वद घरांना त्यानं पत्रं लिहिली, तुमची हवा मी सांगितली त्याहून वाईट आहे. ती लिहून झाली. बाबांना सांगणं तेवढं राहिलं.

बाबा घरी आले ते अर्ध्या श्वासानं. त्यांना पुढच्या खोलीत निजवलं, तर म्हणाले, माझ्या खोलीत ने, जरा बसतो. मास्तरनं हाताला धरून नेलं. खुर्चीत टेकल्यावर म्हाताऱ्यानं खिडकीकडं पाहिलं.

"तुझं मोजून झालं का रे?"

"झालं, बाबा."

"मग आता उघड."

खिडकीची खिट्टी गंजून बसली होती. मास्तरला पक्कड आणावी लागली.