बैलगाडीची भिंत

नांदेडला बारावीचे क्लास घेणाऱ्या एका सरांनी खालच्या मजल्यावर बालवाडी काढली, तेव्हा मी तिथं बाई म्हणून लागले. वाहनं शिकवायची म्हणून चार भिंतींवर मी विमान, रेल्वे, एसटी आणि बैलगाडी रंगवली. बैलगाडीवर माझा जास्त जीव. बैलांची शिंगं लाल केली, पाठीवर झूल घातली, गळ्यात घुंगरमाळा काढल्या.

सर बघायला आले आणि खूश झाले. "बाई, बॅच पाडायचं काम झालं की हो!" आग लागो त्या डोक्याला. तेव्हापासून दर शनिवारी चार-चार वर्षांच्या लेकरांची परीक्षा सुरू झाली. हुशार विमानाखाली, त्याहून कमी ते रेल्वेखाली, मग एसटी, आणि ज्यांना काहीच येत नाही ते बैलगाडीखाली. मी भांडले, तर म्हणे, बाया पुष्कळ मिळतात.

एकदा मुखेडकडचा एक शेतकरी लेकीला भेटायला आला. शिक्षणासाठी तिला इथं मामाकडं ठेवली होती. ती बैलगाडीखाली बसलेली बघून त्याचा चेहरा फुलला.

"अगं, तुला तर आपली गाडी मिळाली!" म्हणत तो भिंतीवरच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"पप्पा, हात नका लावू," लेक म्हणाली. "हितं ढ पोरं बसतेत."

त्याचा हात भिंतीवरच राहिला. सर दारात उभे होते.

"बघा बाई," ते हसून म्हणाले, "कळायला लागलं की नाही पोरीला?"