महांतेशनं जाहिराती मोकळ्या केल्या

अंबाजोगाईत महांतेशचं नेट कॅफे होतं. सगळ्या कॉम्प्युटरांचं नेट ज्यातून जायचं, त्या मुख्य लिनक्स कॉम्प्युटरवर त्यानं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळे पडदे ओकेबोके झाले. "दुकानाची रौनकच गेली की रे!" आई शांतादेवी कुरकुरायची.

वैतागून त्यानं ते काढलं, तरी जाहिराती येईनात. सॉफ्टवेअर गेलं, पण अडवलेल्या साइटांची नावं सिस्टिममध्येच चिकटून राहिली होती! तीही पुसून त्यानं नेटवर्क पुन्हा चालू केलं. पडद्यापडद्यावर इंग्रजी जाहिरात नाचू लागली. महांतेशनं हसत मराठीत वाचली, "अभिनंदन! दहा लाखावे पाहुणे तुम्हीच! बक्षीस जिंकलात!"

सगळं खोटं असतं, हे सांगेपर्यंत गिऱ्हाइकांनी गुलाल उधळला, दारात हलगी कडाडली. शांतादेवीनं लेकाचा कान पिळला, "इतके दिवस आमचं नशीब अडवून ठेवलं हुतंस व्हय रे?"