आईच्या तोंडाचं माप

आमच्या भागातली म्हातारी माणसं खळखळून हसली की कवळीवाल्यांची कॉलर ताठ होते. तीस वर्षं दुकानामागच्या खोलीत हा माणूस लोकांचे दात घडवतोय. त्यांच्याकडची कवळी घातलेला एखादा सुपारी फोडताना दिसला, की दिवसभर स्वारी खूश!

बुधवारी बाहेर जेवायची टूम बायकोची. ती शाळेत ग्रंथपाल आहे, बोलायला फटकळ. "दर बुधवारी आपण दोघंच. डेट नाईट!"

"या वयात?"

"मग काय, पुढच्या वयात?"

आईलाही चल म्हणाले होते, नाही असं नाही. "नको रे बाबा, मला बाहेरचं जड जातं," असं ती म्हणाली आणि कवळीवाल्यांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. परत काही त्यांनी विचारलं नाही.

तर त्या बुधवारी दुकान लवकर बंद करून दोघं डिमसमच्या हॉटेलात बसली होती. मंद दिवे, टेबलावर वाफाळत्या वेताच्या टोपल्यांत उकडीच्या मोदकांसारखी चिनी डिमसम, बायकोपुढे काकडीची चकती लावलेलं कॉकटेल. कवळीवाल्यांचं लक्ष वेटरच्या पुढच्या दाताकडे.

"लोकांच्या तोंडात बघणं बंद करा हो!"

"कॅप चुकलीय त्याची," ते म्हणाले आणि एक डिमसम तोंडात टाकलं. "अगं, काय मऊ आहे! आईला दात नव्हते तेव्हा हे चाललं असतं. आता काय, आता म्हातारी दगड फोडेल. कवळीच तशी करून दिलीय."

बायकोने उरलेलं कॉकटेल एका घोटात संपवलं.

"चिडू नका. आई जेवताना कवळी काढून ठेवतात. टोचते त्यांना."

"काहीतरीच काय! रोज तर घातलेली असते."

"तुम्ही नऊला येता. त्या सात-साडेसातलाच जेवून घेतात. बेल वाजली की डबीतून काढून घालतात. मला शपथ घातलीय, त्याला सांगायचं नाही म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

म्हणजे सात महिने. कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ते मेणाची पट्टी चावायला देऊन माप घेतात, तीनतीनदा बोलावतात. आणि आईचं? एका रविवारी गडबडीत हिरड्यांचा ठसा तेवढा घेतला. मेणाची पट्टी चावायला दिलीच नाही. 'आईचं तोंड मला तोंडपाठ आहे,' असं वर मिरवलं. डोंबलाचं तोंडपाठ! जन्मदात्या आईला या माणसाने अंदाजपंचे दात बसवले होते.

उरलेलं बांधून घेऊन दोघं निघाली. घरी पोचली तेव्हा साडेसात वाजत होते. बेल न वाजवता त्यांनी किल्लीने दार उघडलं.

आई टेबलाशी एकटी बसून दुधात बुडवलेला पाव खात होती. मुलाला बघताच तिने एक हात तोंडावर धरला आणि दुसऱ्या हाताने कवळीची डबी चाचपायला लागली. आपल्याच घरात, आपल्याच मुलासमोर, चोरी पकडल्यासारखी.

"राहू दे, आई."

"अरे, आत्ताच काढली. धुवायला."

"आई, सगळं कळलंय मला."

तिने सुनेकडे एकदा रोखून बघितलं. सून बांधून आणलेलं घेऊन ओट्याकडे सटकली.

"सात महिने गं! एका शब्दाने बोलली का नाहीस?" त्यांचा आवाज चढला. चूक स्वतःची आणि ओरडायचं आईवर, वर तोही राग खरा.

आई शांतपणे म्हणाली, "तू मला कवळी बसवलीस आणि विचारलंस, 'छान बसली ना?' एवढ्या हौसेने विचारलंस. मग नाही कसं म्हणायचं रे?"

गिऱ्हाइकाला कवळीवाले असं कधीच विचारत नाहीत. भिडेखातर माणूस हो म्हणून टाकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. दुकानात एकच प्रश्न असतो.

खुर्ची ओढून ते आईसमोर बसले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि तो प्रश्न सात महिन्यांनी घरात विचारला.

"कुठे टोचतं?"

आईने तोंड उघडलं, बोट आत घातलं. "इथे," ती म्हणाली. मग बोट पुढे सरकवलं. "इथे. आणि हे इथे तर फारच रे."