मनालीतला तो लाल ग्लास

कालच्या पोस्टमध्ये माझी चूक झाली. मनालीत स्कीइंगनंतर कुठं खावं-प्यावं हे सांगताना वहिनींनी गेल्या मंगळवारी वाइन घेतल्याचं मी लिहिलं. ते बुरांशच्या फुलांचं लाल सरबत होतं. मी विचारलंच नव्हतं.

आज कळंबच्या घरी दादानं ते वाचलं. "देवीच्या मंगळवारी दारू पितीस व्हय?" म्हणत त्यानं वहिनींचं डोकं भिंतीवर आपटलं.

"अहो, सरबत होतं. उपास होता माझा. ताईंना इचारा."

न विचारताच वाइन लिहिली, हे मी सांगितलं. तरी त्यानं पट्टा काढला. मध्ये पडले, तर माझ्याही हातावर वळ उठले.

आई म्हणाली, "पोस्ट काढ, विषय संपव."

पण वाइन असती, तर हे चाललं असतं का? सांगा.

वहिनींच्या कपाळाला टाके पडलेत. त्या तयार आहेत. उद्या, मंगळवारी सकाळी, आम्ही दोघी पोलीस ठाण्यात तक्रार देणार आहोत.