जयाने परत मागितलेलं पिवळं कार्ड

मुठा गावच्या जोतिबांची मुलगी जया शाळांच्या फुटबॉल सामन्यांत रेफरी असते. घरी मेंढरं. ती स्वतः मारुंजीच्या एका सोसायटीतली जिम सांभाळते आणि सुट्टी काढून शिट्टी वाजवायला जाते. तालुक्यात बाई रेफरी ती एकटीच.

गेल्या वर्षी कासार आंबोलीजवळच्या मैदानावर मुलींचा उपांत्य सामना होता. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं उरलेली. समोरच्या मुलीने जोरात मारलेला बॉल बचावातल्या अपेक्षाच्या हाताला लागला, तोही गोलपुढच्या फक्कीने आखलेल्या चौकोनात. जयाने शिट्टी वाजवली, पेनल्टी दिली आणि अपेक्षाला पिवळं कार्ड दाखवलं.

"मॅडम, मी मुद्दाम न्हाई केलं!" अपेक्षा रडकुंडीला आली.

"हात लांब होता, पोरी."

पेनल्टीवर गोल झाला, अपेक्षाची शाळा हरली. तिचे प्रशिक्षक चंद्रकांत सर जयापाशी येऊन म्हणाले, "एवढ्या जवळनं बॉल आल्यावर हात कुठं ठेवायचा? एकदा स्वतः उभ्या राहून बघा."

सर रागाने बोलले होते, पण जयाला तो प्रश्न खरंच पडला. हात माणूस नेतो, की आपोआप जातो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं चरायला लागल्यावर तिने मोबाइल दगडाला टेकवून कॅमेरा चालू केला आणि वडिलांच्या हातात बॉल दिला.

"आबा, सहा पावलांवरनं मारा. जोरात."

"तोंडावर? येडी हायेस का?"

"मारा तुमी."

जोतिबांनी वीस वेळा बॉल फेकला. पहिले दोन हळूच, मग त्यांनाही गंमत वाटायला लागली. जयाने हात अंगाला चिकटवून ठेवायचं ठरवलं होतं. व्हिडिओ पाहिला तर सतरा वेळा हात सुटला होता. बॉल बाजूने आला की हात सरळ बाहेरच फेकला जाई. आपण तो कधी हलवला, हे तिला एकदाही आठवेना.

"मेंढरू बुजल्यावर इचारून उडी मारतं व्हय?" जोतिबा म्हणाले.

जयाने नियमाचं पुस्तक पुन्हा वाचलं. हात असा पसरलेला असेल तर मुद्दाम नसला तरी पेनल्टी. ती बरोबरच होती. पण कार्ड तिने दिलं होतं ते अपेक्षाने जाणूनबुजून हात घातला असं धरून.

ती अपेक्षाच्या शाळेत गेली आणि तिला व्हिडिओ दाखवला. अपेक्षा आधी हसली, मग तिने तो पुन्हा लावून पाहिला.

"म्हंजे पेनल्टी चुकली?"

"न्हाई. पेनल्टी हुतीच. कार्ड चुकलं. तू लबाडी केली न्हाईस."

"मंग हे तवाच का न्हाई म्हणला?"

"तवा मला म्हाईत नव्हतं."

जयाने स्पर्धेचे चिटणीस दयानंद यांना लेखी कळवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "स्वतःचं कार्ड परत मागणारा रेफरी मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणत त्यांनी नोंद खोडली आणि बाजूला सही केली. निकाल तोच राहिला.

चंद्रकांत सर मात्र अजूनही जया भेटली की ती पेनल्टी नव्हतीच म्हणतात. जया ऐकून घेते आणि नाणं उडवायला मैदानाच्या मध्यावर जाते.