मिस चंपाचं पदक

सोलापुरात चनबसप्पांच्या पत्र्याच्या थेटरात मायाक्का बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची आणि खेळ सुरू झाला की पडद्यामागे जाऊन पत्र्याचा कर्णा तोंडाला लावायची. चित्रं मुकी. ओठ नटी हलवायची, बोलायची मायाक्का. ती मूळची कानडी मुलखालगतच्या दुधनीची, त्यामुळे मुंबईची मिस चंपा राजकन्येच्या वेषातसुद्धा घाबरली की "अय्यय्यो" म्हणायची. लोकांना त्यात वावगं वाटत नसे. राजकन्येचं माहेर तिकडचं असेल, एवढंच.

मायाक्काचं दुखणं एकच. खेळ सुटला की लोक "मिस चंपा, मिस चंपा" करत घरी जायचे. पेटीवाल्याचं नाव घ्यायचे, तबलजीचं घ्यायचे. हिचं कुणीच नाही.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत चनबसप्पा दरवर्षी पदकं देत. ज्याच्या नावाला शिट्ट्या जास्त, त्याला चांदीचं पदक. नट मुंबईला, त्यांना याचा पत्ताही नसे. कंपनीचा माणूस यायचा, पदक गळ्यात घालून पहिल्या खुर्चीवर बसायचा, मग त्याच नटाचा सिनेमा लागायचा. त्या वर्षी पदक मिस चंपाला ठरलं आणि जत्रेच्या तोंडावर ती वारल्याची तार आली. कंपनीचा माणूस फिरकला नाही. मेल्या बाईच्या पदकाला हात कोण लावणार?

"मायाक्का, तूच घे की," चनबसप्पा म्हणाले. "तिचं निम्मं काम तूच केलंयस."

"घेते. पण मालक, पुकारताना माझं नाव घ्यायचं."

"व्हय, घेतो की."

स्टेजवर मात्र त्यांना सवय नडली. "मिस चंपा!" ते ओरडले. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं आणि मायाक्का त्या भरात "ओ" देऊन पुढे झाली. मेलेल्या बाईच्या नावाला आपण ओ दिली, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पदक गळ्यात पडलं होतं. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखं गार.

तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं.

"मालक, पडद्यामागं कोण?"

"कोण न्हाय. आज मुकाच चालू दे. गप बसून बघ."

दिवे गेले. पडद्यावर मिस चंपा आली आणि बोलायला लागली. मायाक्काच्याच आवाजात. मायाक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आवाज थांबला नाही. वाघ दिसला तिथे "अय्यय्यो"सुद्धा आलं. शेवटी राजकन्या मरते, तिथे मायाक्का नेहमी मोठा गळा काढायची. आज आवाज हळूच म्हणाला, "हाक मला होती की, अक्का."

दिवे लागले आणि लोक तिच्याभोवती गोळा झाले.

"मायाक्का, आज काय बोललीस गं!"

"खुर्चीत बसून कर्णा कुठं लपवला हुतास?"

"मायाक्का! मायाक्का!"

बोलणारी मी नव्हते, एवढंच तिला सांगायचं होतं. पण आयुष्यभर वाट पाहिलेलं नाव सगळं थेटर घेत होतं. मायाक्काने नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिने पदक कर्ण्याला बांधून पडद्यामागे ठेवलं आणि पुन्हा तिकडे गेली नाही. तिकिटं तेवढी फाडत राहिली. पुढे बोलपट आले. चित्रं बोलतात म्हणून सगळं सोलापूर हरखून गेलं. चनबसप्पा तिला आत ओढायला लागले, "अगं, चल की! पडद्यामागं कोण न्हाय, चित्रातली बाई सोताच बोलतीय!"

मायाक्का दारावरून हलली नाही. म्हणाली, "मला काय सांगता, मालक?"