शनिवारची पाळी

सांगलीजवळच्या पंपांच्या कारखान्यात उल्काने तपासणी विभाग एकटीने सांभाळला होता. जर्मनीत ब्योब्लिंगेनला आल्यावर ती नुसती मल्हारची आई उरली. वर्षानुवर्षं जर्मन घोटल्यावर, नवरा श्रीनाथ ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात होता तिथेच तिला तपासणीचं काम मिळालं. आणि रुजू व्हायच्या आठवड्यातच किटा, म्हणजे मल्हारचं पाळणाघर, दुपारी बंद होऊ लागलं. सांभाळायला बायका मिळत नाहीत म्हणे.

"वाईट वाटतं," तिने अर्धा दिवस मागितल्यावर मालक क्लायबर म्हणाले होते, "पण आमच्याकडे अर्धा दिवस कधी कुणी केलेला नाही. मुलगा शाळेत जायला लागला की या."

जुलैत कारखान्याच्या अंगणात मेजवानी होती. ज्याने त्याने आपलं सॅलड आणायचं हा रिवाज. उल्काने दाण्याचं कूट घालून काकडीची कोशिंबीर नेली. क्लायबरांनी ग्लासवर चमचा वाजवला. कोरियाहून, ब्राझीलहून ऑर्डरी येताहेत, आणि तपासणीअभावी माल पडून आहे. "माणसं गेली कुठे?"

माणूस त्यांच्यासमोर कोशिंबीर वाढत उभं होतं. शेजारी श्रीनाथच्या सहकाऱ्याची बायको नंदिनी, संगणकातली एम. टेक., आपल्या जुळ्यांची नाकं पुसत होती.

तोवर शनिवारीही काम करू, क्लायबर म्हणाले, कोण येईल? श्रीनाथचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हात खाली घे."

"अगं, सगळे बघतायत. घरी बोलू."

"घरीच बोलत आलेय रे आजवर."

डाव खाली ठेवून ती जर्मनमध्ये म्हणाली, "क्लायबरसाहेब, शनिवारी आमच्या घरातून मी येईन."

"आणि मुलगा?"

"त्याला बाप आहे. अडचण अर्ध्या दिवसाची होती ना? शनिवार पूर्ण आहे."

क्लायबरांनी श्रीनाथकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"त्याला काय विचारता? काम मला दिलं होतंत."

कुणी हसलं नाही. क्लायबरांची मान लाल झाली. "बरं. या शनिवारी."

"पुढच्याला मी," नंदिनी मराठीतच म्हणाली, आणि मग जर्मनमध्ये.

श्रीनाथचा हात अजून अर्धवट वर होता. मल्हारने त्याची बाही ओढून जर्मनमध्ये विचारलं, "पप्पा, शनिवारी आपण दोघं काय करायचं?"

श्रीनाथने हात खाली घेतला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.